उंबऱ्याबाहेरचा केर

हुपरीत कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारावं लागत नाही, नुसतं गप्प उभं राहावं लागतं. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, त्यांची गाडी नऊ पासिंगची होती की तेवीस पासिंगची, म्हणजे पाहुणे कोल्हापूरकडचे की चिकोडीकडचे, नुसता चहा झाला की पोहेही झाले, आणि उठताना पाहुणे 'कळवतो' म्हणाले की 'बघू' म्हणाले, एवढा सगळा तपशील पाहुण्यांची गाडी वेशीबाहेर पडायच्या आत स्टँडपासून अंबाबाईच्या देवळापर्यंत पोचलेला असतो. दवाखान्यातून घरी निघालेल्या माणसाला आपली शुगर किती निघाली हे घरी सांगावं लागत नाही. घरचीच माणसं दारात उभी राहून 'एवढी कशानं वाढली?' म्हणून विचारतात. अशा गावात राहून मी प्रायव्हसीवर लेख लिहितोय म्हटल्यावर चहाच्या टपरीवर बराच वेळ हसं झालं. एकानं तर, "तू काय लिवणार हाईस ते आमाला परवाच कळलंय," असं तोंडावर सांगितलं.

पण हुपरी हे असं उघडंवाघडं गाव आहे, या समजुतीनं कुणी आलंच तर त्यानं इथल्या एखाद्या चांदीवाल्याला टंच विचारून बघावा. पोराचे बारावीचे मार्क, स्वतःचं ब्लडप्रेशर, भावकीतली वाटणी नेमकी कुठं अडलीय, हे सगळं न विचारता सांगणारा माणूस 'मालाचा टंच किती?' एवढ्या प्रश्नावर छताकडं बघायला लागतो. टंच म्हणजे शंभरात निव्वळ चांदी किती आणि बाकीचं काय, याचा हिशेब. त्यावर भाव ठरतो, नफा ठरतो आणि अब्रूही ठरते. तसंच पार्टीचं. माल घेणारी पार्टी सेलमची की आग्र्याची की राजकोटची, हे सख्ख्या मेहुण्यालाही सांगायचं नसतं; मेहुण्याला तर नसतंच. नव्या पैंजणाचा नमुना समोर मांडलेला असेल आणि दारात कुणी उभं राहिलं तर आधी त्यावर टॉवेल पडतो, मग 'या, बसा' होतं. जनावरांच्या बाजारात भर गर्दीत रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारी माणसं आमच्याच मुलखातली. तेव्हा काय ओरडून सांगायचं आणि काय गिळायचं, हे शिकवायला आम्हाला बाहेरून कुणी यायला नको. अडचण एवढीच झालीय, की टॉवेल नेमका कशावर टाकायचा ते हल्ली कळत नाही.

आमच्या शेजारचे तात्या आणि त्यांचे चुलतभाऊ दादा यांच्यात वाटणी होऊन बरीच वर्षं झाली. घर वाटलं, शेड वाटलं, आटणीची भट्टी वाटली, परसातल्या शेवग्याच्या शेंगासुद्धा फांदीवार वाटून झाल्या. इंटरनेट मात्र दोघांनी मिळून एकच घेतलं, कारण बिल निम्मं येतं. राउटर मधल्या भिंतीच्या झरोक्यात बसवलाय. त्याचं तोंड कुणाच्या घराकडं असावं यावरून सुरुवातीला थोडं वाजलं होतं, पण राउटरला तोंड नसतं असं नेटवाल्या पोरानं शपथेवर सांगितल्यावर ते मिटलं.

तर तात्यांच्या मनात चेन करायचं मशीन घ्यायचं आलं. हातानं कड्या जोडणारे कारागीर मिळेनासे झालेत, नव्या पोरांना पंचतारांकित एमआयडीसीतली नोकरी बरी वाटते आणि मशीनचा माल बाजारात धडाधड उतरतोय. तेव्हा मशीन घ्यायचं, पण दादाला कळायच्या आत घ्यायचं. तात्यांनी बायकोला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. रात्री दिवे मालवल्यावर पांघरुणात मोबाईल घेऊन, आवाज बंद करून ते मशीन बघत बसायचे. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. घरच्यांना वाटलं पित्त झालंय.

रविवारी दादा आपल्या टीव्हीवर यूट्यूबवरची कुस्ती लावून बसले. दोन्ही पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले, आता पट निघणार, आणि तेवढ्यात कुस्ती थांबून पडद्यावर चेनचं मशीन खटाखट कड्या वळायला लागलं. पाच सेकंदांनी 'जाहिरात वगळा' असं आलं. दादांनी वगळली नाही. शेवटपर्यंत बघितली, मशीनच्या खालचा फोन नंबरही बघितला. थोड्या वेळानं दुसरी जाहिरात आली, तीही मशीनचीच. सोमवारी सकाळी दात घासता घासता त्यांनी भिंतीवरून विचारलं, "तात्या, मशीन कवा आणतोस?"

तात्यांनी त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. बायकोवर संशय, पोरावर संशय, बँकेतल्या कर्जवाल्या साहेबावर तर दाट संशय. झरोक्यात हिरवे डोळे मिचकावत बसलेल्या राउटरकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

घडलं होतं ते असं. एका राउटरमागचे सगळे मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यानं दिसतात. त्या पत्त्यामागं कोणकोणती यंत्रं आहेत हे जाहिरातवाले जमवून ठेवतात आणि त्या सगळ्यांना मिळून एक कुटुंब धरतात. कुटुंबातल्या एकानं मशीन बघितलं की मशीन अख्ख्या कुटुंबाला हवंय, असा त्यांचा हिशेब. तात्या-दादांचं वाटणीपत्र नोंदवून झालंय, लाइटची मीटरं वेगळी झालीत, रेशनकार्डंसुद्धा वेगळी झालीत. जाहिरातवाल्यांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

इथं नेटवाल्यावर अन्याय करून चालणार नाही. तात्यांचं बिंग फोडलं ते बहुतेक मशीनच्या वेबसाइटनं आणि तिच्याशी संधान बांधून असलेल्या जाहिरात कंपन्यांनी. गूगल, फेसबुक ही त्या घराण्यातली थोरली पाती. पण त्यांच्याकडं जायचं की नाही, हे निदान म्हणायला तरी तुमच्या हातात असतं. नेटवाल्याला टाळून कुठंच जाता येत नाही. गूगलकडं चाललात तरी त्याच्या दारावरून, आणि गूगलवर रुसून दुसरीकडं चाललात तरी त्याच्याच दारावरून. शिवाय गूगल फुकट तरी आहे. याला दर महिन्याला पैसे मोजून वर आपण आपली वर्दळ दाखवायची.

आता त्याला दिसतं काय? एके काळी सगळंच दिसायचं. हल्ली बहुतेक साइटना कुलूप असतं, त्यामुळं आत जाऊन तुम्ही काय वाचलं, काय लिहिलं ते त्याला वाचता येत नाही. पण कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता गेलात, किती वेळ रेंगाळलात, किती डेटा ओढलात, हे दिसतं. साइटचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो, आणि ती चौकशी सहसा नेटवाल्याच्याच यंत्राकडं जाते. चौकशीची वाट बदलता येते. पण पुढं जोडणी होताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं.

नुसत्या नावावरून काय कळणार, असं वाटेल. त्यासाठी आमच्या एका दाजींची गोष्ट सांगतो. तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीत सगळ्यात शेवटी उठणारा हा माणूस. एका रात्री त्यांच्या फोनवरून पाठोपाठ नावं गेली ती अशी: आधी रक्त तपासणाऱ्या लॅबची साइट, मग हृदयरोगाच्या हॉस्पिटलची, मग आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंची, मग ओट्स विकणाऱ्या कंपनीची, आणि रात्री एक वाजता कोल्हापुरातल्या मटणाच्या खानावळींची यादी देणाऱ्या साइटची. आत काय वाचलं ते सोडून द्या. रिपोर्ट काय आला, दाजींनी काय निश्चय केला आणि तो किती वाजता मोडला, सगळं त्या पाच नावांत आलं. अक्कांना हे पुढं महिन्याभरानं कळलं, तेही घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ओट्स यायला लागले म्हणून.

हे जे मागं सांडतं, त्याला किंमत असते हे हुपरीला पटवून द्यावं लागत नाही. चांदीच्या कारखान्यात संध्याकाळी जी झाडलोट होते ती एकदा बघावी. कानशीनं घासताना उडालेला कीस, तार कापताना निसटलेले तुकडे, डाग देताना सांडलेली भुकटी, सगळं दिवसभर फरशीवर पडत असतं. पोऱ्या कुंचा घेऊन कोपऱ्यापासून सुरुवात करतो. घाई करत नाही. बैठकीखालचं सोडत नाही, फरशीच्या सांध्यातलं तर अजिबात नाही. केर घमेल्यात, घमेल्यातून पोत्यात, आणि पोतं मालकाच्या नजरेसमोर. कारागीर हात धुतात तेही ठरलेल्या टपात, त्या पाण्याच्या तळाचा गाळ वेगळा ठेवायचा असतो. बसायचं जुनं पोतं फाटलं तर ते टाकत नाहीत, जाळतात आणि राख जपून ठेवतात. मग एक दिवस झारेकरी येतो. केराची चिमूट घेतो, बोटांवर चोळतो, उन्हाकडं धरतो आणि तोंड वाकडं करतो.

"ह्यात काय न्हाई मालक. निसती माती हाय."

"मग ठेव खाली."

खाली मात्र तो ठेवत नाही. या मातीत काहीच नाही यावर दोघांचं अर्धा तास एकमत होत राहतं, आणि मग त्या मातीचा भाव ठरतो.

उंबऱ्याच्या आतला केर मालकाचा. तो न्यायचा तर भाव करायचा. उंबऱ्याबाहेर रस्त्यावर पडलं, गटारीत वाहून गेलं, ते ज्यानं कुंचा मारला त्याचं. सराफी गल्ल्यांतून पहाटे गटारीची माती भरून नेणारी माणसं असतात, त्यांना कुणी हटकत नाही. इंटरनेट कंपन्यांचं म्हणणं सगळं सोलून बघितलं तर हेच आहे, की तुमच्या फोनातून जे बाहेर पडलं ते उंबऱ्याबाहेरचं. रस्ता आमचा, गटार आमची, कुंचाही आमचा. फरक एवढाच, की पहाटे येणारा माणूस कुणाच्या दारासमोर किती सांडलं याची नावानिशी वही ठेवत नाही. त्याला वहीचं काही कामच नसतं. कंपन्यांचा धंदा मात्र त्या वहीचाच आहे.

विलायतेत ही वही २००६ मध्ये घातली गेली. ब्रिटिश टेलिकॉम या बड्या कंपनीनं फॉर्म नावाच्या दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र आपल्या वाटेवर बसवून बघितलं. ग्राहक कुठली पानं बघतो ते यंत्रानं वाचायचं आणि त्या रोखानं जाहिराती दाखवायच्या. २००६ आणि २००७ मध्ये हजारो ग्राहकांवर हे प्रयोग झाले, ग्राहकांना न सांगता. कंपनीचं नावच फॉर्म, आणि ग्राहकाकडून फॉर्म तेवढा भरून घ्यायचा राहिला. २००८ मध्ये बोभाटा झाला, पुढच्या वर्षी युरोपीय आयोगानं ब्रिटिश सरकारलाच धारेवर धरलं आणि ब्रिटिश टेलिकॉमनं नाद सोडला. खटला मात्र उभाच राहिला नाही. २०११ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी, खटला भरण्यात लोकहित नाही, असं म्हणून फाइल बांधून ठेवली. फाइल बांधायची कला इंग्रजांनी आपल्याला दिली, पण स्वतःजवळही थोडी ठेवलेली दिसते.

अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीनं आणखी पुढची पायरी गाठली. तिच्या मोबाईल ग्राहकानं कुठलीही साइट मागितली की त्या मागणीवर कंपनी वाटेतच एक ओळख-क्रमांक चिकटवून द्यायची. ग्राहकानं फोनमधल्या सगळ्या कुकी पुसल्या तरी क्रमांक जायचा नाही, कारण तो फोनमध्ये नव्हताच. २०१२ पासून हे चाललं होतं आणि २०१४ मध्ये उघड झालं. 'सुपरकुकी' असं त्याचं बारसं झालं आणि २०१६ च्या मार्चमध्ये कंपनीला साडेतेरा लाख डॉलर दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो किती जाणवला असेल, हे ज्यानं त्यानं आपापल्या लाइटबिलावरच्या दंडाशी ताडून बघावं.

पण मला मनापासून आवडलेली योजना एटी अँड टी या कंपनीची. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तिनं २०१३ मध्ये वेगवान इंटरनेट आणलं. दर दोन. महिना ७० डॉलर, आणि तुम्ही कुठं कुठं जाता ते बघून आम्ही जाहिराती दाखवणार. किंवा महिना ९९ डॉलर, आणि आम्ही बघणार नाही. म्हणजे न बघण्याचे २९ डॉलर. एखादा झारेकरी हुपरीत येऊन 'तुमचा केर मी नेणारच, नेऊ नये असं वाटत असलं तर महिन्याला एवढे द्या' असं म्हणाला असता, तर त्याला केरासकट पंचगंगेपलीकडं पोचवला असता. २०१६ मध्ये कंपनीनं ती योजना गुंडाळली. मला त्याची थोडी हळहळ वाटते. कारण ऑस्टिनच्या माणसाला निदान आपल्या केराचा भाव तरी समजला होता. आपल्याकडं कंपनी केर नेते की नाही हेच कळत नाही, मग भाव कुठून कळणार?

अमेरिकेत २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या दळणवळण आयोगानं, ग्राहकाला आधी विचारा आणि मगच त्याची वर्दळ विका, असा नियम केला होता. एप्रिल २०१७ मध्ये, तो पुरता लागू व्हायच्याही आत, तिथली संसद आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी मिळून पुसून टाकला.

आपल्याकडची गोष्ट जून २०१५ ची. बेंगळुरूतले तेजेश जी. एन. हे संगणकाचे जाणकार. एअरटेलच्या थ्रीजीवरून वेबपान उघडल्यावर त्यांना त्यात पानाच्या मालकानं कधी न लिहिलेला कोड सापडला. कुणीतरी वाटेत घातला होता. त्यांनी तो जसाच्या तसा लोकांपुढं मांडला. त्यावर एका इस्रायली कंपनीच्या वतीनं, फ्लॅश नेटवर्क्स तिचं नाव, त्यांना वकिलाची नोटीस आली: हा कोड आमच्या मालकीचा आहे, तुम्ही तो उघड करून आमच्या हक्कांचा भंग केलात. म्हणजे दुसऱ्याच्या पानात गुपचूप लिहिणारे राहिले बाजूला, आणि 'हे अक्षर कुणाचं?' म्हणून विचारणाऱ्यावर अक्षरचोरीचा आळ. एअरटेलचं म्हणणं पडलं, की ग्राहकाला आपण किती डेटा वापरला हे कळावं म्हणून केलेली ही सोय आहे आणि त्या नोटिशीशी आमचा काहीही संबंध नाही. ग्राहकाच्या सोयीसाठी केलेली गोष्ट ग्राहकाला सांगायची मात्र कुणाला आठवण झाली नाही.

कागद म्हणाल तर आपल्याकडं कमी नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी लावून धरलेल्या प्रकरणातला हा निकाल. ज्या देशात एका बाकावरची तीन माणसं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर एक होत नाहीत, तिथं नऊजण एकमुखानं बोलले, ही साधी गोष्ट नव्हे. पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, दूरसंचार नियामक ट्रायनं शिफारस केली, की माहितीचा मालक ग्राहक. कंपन्या नुसत्या राखणदार. थोडक्यात, उंबऱ्याबाहेरचा केरही तुमचाच. वाचून बरं वाटलं. शिफारशी वाचून बरंच वाटतं.

दुसऱ्या बाजूनं, डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्यानं परवान्याच्या अटी बदलून कंपन्यांना सांगितलं, की जोडण्यांच्या नोंदी वर्षाऐवजी निदान दोन वर्षं सांभाळून ठेवा, तपासाला लागतात. तपासाला लागतात हे खरंच असणार. पण केर जपून ठेव, मालकाचा आहे, विकू मात्र नकोस, असं सांगून पोतं राखणदाराच्याच खोलीत ठेवायचं, आणि वर त्या खोलीत खिडकीही नाही!

शेवटी ११ ऑगस्ट २०२३ ला व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती घ्यायची तर कशासाठी ते आधी सांगा, संमती मोकळ्या मनानं दिलेली असली पाहिजे, कामाला जेवढं लागतं तेवढंच मागा, चुकलात तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं आणखी दीड वर्षाची मुदत. पुण्याहून निघालेल्या गाडीला प्रत्येक थांब्यावर चहा हवा असतो, त्याला आपण काय करणार.

मला त्यातलं एक कलम फार आवडलं. संमती मागणारा मजकूर ग्राहकाला हवा असेल तर घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळाला पाहिजे. त्यात मराठी आली. मी हे मोठ्या उत्साहानं तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सोसायटीच्या कर्जाचा फॉर्म मराठीतच असतोय की. वाचलाय कवा कुणी?"

तोवर तात्यांचे स्वतःचे उपाय चालू झाले होते. त्यांच्या पुतण्यानं (दादाचा नव्हे, धाकट्या भावाचा, दादाच्या पोराला विचारायची सोयच नव्हती) त्यांना मोबाईलमध्ये गुप्त खिडकी उघडून दिली. काळा पडदा, वर टोपी आणि चष्म्याचं चित्र. तात्या खूश झाले. हुपरीत भर दुपारी असली टोपी आणि काळा चष्मा घालून कुणी गुपचूप जायला निघाला तर निम्मं गाव त्याच्या मागून चालेल, पण ते सोडा. त्या खिडकीत बघितलेलं फोनच्या यादीत उरत नाही, म्हणजे बायकोपासून लपतं, एवढं खरं. नेटवाल्यापासून काही लपत नाही, साइटपासून लपत नाही. खुद्द गूगलवर याच खिडकीवरून अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीनं तसल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. टोपीवाल्याच्या खिशात नोंदी अब्जावधी होत्या, हेही त्यामुळंच कळलं.

मग पुतण्यानं व्हीपीएन टाकून दिला. त्यानं नेटवाल्याला साइटची नावं दिसायची थांबली हे कबूल केलं पाहिजे. पण आता ती सगळी नावं व्हीपीएनवाल्याला दिसणार. नेटवाला निदान गावात भेटतो, त्याचा बाप कोण ते माहीत असतं. हा व्हीपीएनवाला कुठल्या बेटावरचा, आणि फुकट का देतो? भारतात सर्व्हर ठेवायचे तर ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवा, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं काढल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन अशा नावाजलेल्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले.  तात्यांना दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या जाहिराती दिसायच्या बंद झाल्या आणि हॉलंडमधल्या सायकलींच्या दिसायला लागल्या. दादांनी ते तात्यांच्या फोनवर बघितलं आणि गावभर सांगितलं, की तात्या आता एक्स्पोर्टमध्ये उतरतोय.

तेव्हा तात्यांनी निर्णय घेतला, की नेटचीही वाटणी करायची. स्वतंत्र कनेक्शन, स्वतंत्र राउटर, तोही घराच्या लांबच्या टोकाला. नेटवाला पोरगा फॉर्म घेऊन आला. तात्यांनी त्याला आधी खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "खरं सांग लेका, आमचं काय काय बगतोस?"

"तुमचं बगायला टाइम कुणाला हाय तात्या? निम्म्या गावाचं बिल थकलंय, आदी ती बगू का?"

"तू न्हाईस तर तुजा सायब?"

"आमचा सायब गावातलाच हाय की. त्यो वरनं लाइन घेतोय. वरचं वरच्याला ठावं."

तात्यांनी चष्मा चढवला. कर्जाचे, विम्याचे, पोराच्या कॉलेजचे एवढे फॉर्म त्यांनी आयुष्यात भरले असतील, पण वाचलेला हा पहिलाच. नाव, पत्ता, आधार, फोटो इथपर्यंत ते गप्प होते. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'आमच्या व्यावसायिक भागीदारांकडून उपयुक्त माहिती मिळण्यास माझी संमती आहे' असं होतं, आणि पुढच्या चौकोनात टिक आधीच छापलेली होती.

"ही टिक कुणी केली?"

"ती आसतीच की छापलेली."

"काढ ती."

"ती काढली तर फॉर्म फुडं जात न्हाई तात्या."

मी कायद्यातलं मोकळ्या मनाच्या संमतीचं कलम सांगायला तोंड उघडलं, पण तात्यांनी मला हातानंच थांबवलं. फॉर्मचा तो कोपरा त्यांनी चिमटीत धरला, उन्हाकडं केला आणि तोंड वाकडं केलं.

"बरं, राहू दे. मग महिन्याला कमी किती करणार?"

पोरगा गोंधळला. असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्यानं अंगणात जाऊन साहेबाला फोन लावला, बराच वेळ हळू आवाजात बोलला, दोनदा आमच्याकडं वळून बघितलं. मग आत आला, दादांच्या भिंतीकडं एक नजर टाकली आणि तात्यांच्या कानाशी वाकला.

"पन्नास रुपयं कमी करतो म्हणत्यात. पण शेजारी सांगू नका म्हणाल्यात."